दुकानातला ज्यूस घरात आणावा का?

वडगावची
नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला राहते. घरात सात वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासूबाईंना शुगरची गोळी चालू आहे. वादाचा विषय म्हणजे दर शनिवारी किराण्यासोबत येणारा लिटरभर ज्यूसचा खोका. मामंजी आणतात. कोला घरात येऊ द्यायचा नाही हे त्यांचंच फर्मान, पण ज्यूस म्हणजे फळच की, असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या शाळेनेही डब्यात चिप्स-चॉकलेट बंद केलंय, ज्यूसचा छोटा डबा मात्र चालतो.

परवा खोक्याची मागची बाजू वाचली. पुढे पेरू, अननस, संत्र्यांची रास. मागे पहिलं पाणी, मग फळांचा गर, मग साखर, मग आयएनएस ३३० वगैरे, म्हणजे वरून घातलेल्या पदार्थांचे नंबर. १०० मिलीला साखर १२.६ ग्रॅम. अक्षर इतकं बारीक की फोटो काढून मोठा करून वाचावा लागला.

बंद करा म्हटलं तर मामंजी दुखावतील, आणि चालू ठेवायला मन घेत नाही. तुमच्या घरी काय करता? जाणकारांनी आकडे द्यावेत, कारण मामंजी बँकेतून रिटायर झालेत, आकड्याशिवाय ऐकत नाहीत.

पानसुपारी
त्यांना साखर चक्रवाढ दराने लावून दाखवा 😄

गणपत गल्ली किराणा
आमचं दुकान आहे, हे सगळं आम्ही विकतो, तरी खरं ते सांगतो. गिऱ्हाईक येतंय आणि फळाचं चित्र असलेल्या सगळ्यालाच ज्यूस म्हणतंय. दहा रुपयाचं आंब्याचं जे जातं ना, त्याच्यावर नीट बघा की ओ, 'फ्रूट ड्रिंक' लिहिलेलं असतंय. त्यात फळ दहा टक्के असलं तरी कायद्यात बसतं. लिंबाच्याला तर पाचच टक्के पुरे. त्याच्या वर नेक्टर, त्याच्या वर ज्यूस. दर तसा चढत जातो आणि गिऱ्हाईक तसं उतरत जातं. बिनसाखरेचा महाग खोका आमच्या फळीवर धूळ खात बसतो.

एक गंमत सांगतो. लिटरचा खोका सगळ्यात जास्त कोण नेतं? पोरांची आई नव्हे. दवाखान्यात पेशंटला बघायला जाणारी माणसं. पूर्वी मोसंबी नाहीतर शहाळं न्यायचे, आता एक खोका नि बिस्किटाचा पुडा. पेशंटला काय झालंय ते विचारायचं नाही. शुगर वाढून ॲडमिट झालेल्या माणसाच्या कॉटखाली मी स्वतः खोक्यांची रांग बघितलीय. घरी नेऊन शेवटी नातवंडंच पितात ते.

आक्का
खरं आहे! बाळंतिणीला बघायला गेलं तरी तेच.

ताटवाटी
मी आहारतज्ज्ञ, टिळकवाडीत बसते. आकडे मागितलेत म्हणून देते.

तुमच्या खोक्याच्या हिशेबाने २०० मिलीच्या पेल्यात २५ ग्रॅम साखर झाली, म्हणजे चहाचे सहा चमचे धरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की दिवसाच्या एकूण उष्मांकात मोकळी साखर १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाला ते ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. एका पेल्यातच दिवसाचा कोटा संपला. चहा, शिरा, बिस्किटं वेगळीच. मुलांचं खाणं कमी, त्यामुळे त्यांचा कोटा त्याहून लहान.

मामंजींना मुद्दाम सांगा, या 'मोकळ्या साखरे'त वरून घातलेलीच नव्हे, रसात मुळात असलेली साखरही धरतात. अख्ख्या फळातली धरत नाहीत. कारण फळ चावून खाताना साखर गराच्या पेशींत आणि चोथ्यात अडकलेली असते, हळूहळू सुटते, पोटही भरतं. रस काढला की चोथा मागे राहतो आणि साखर झटक्यात रक्तात जाते. एका बैठकीला चार संत्री सोलून खाणारं मूल मी पाहिलेलं नाही. चार संत्र्यांचा रस दोन मिनिटांत पिणारी रोज पाहते.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये घालून दिलेली मर्यादा अशी: वर्षाच्या आत ज्यूस अजिबात नको, १ ते ३ वर्षांत दिवसाला फार तर १२० मिली, ४ ते ६ मध्ये १२० ते १८०, त्यापुढे पेलाभर, सुमारे २४० मिली. हे बिनसाखरेच्या शुद्ध रसाबद्दल आहे आणि कमाल मर्यादा आहे, इतका द्याच असं नाही. तुमच्या खोक्यात साखर वरून घातलेली आहे, तो या हिशेबातही बसत नाही.

शिफ्टवाला
ताटवाटी ताई, आकडे बरोबर असतील, पण जरा आमच्या घरी या. मी उद्यमबागला फाउंड्रीत, बायको मच्छेला कामाला. सकाळी सहाला घर सोडतो. फळ आणा, धुवा, चिरा, डब्यात काळं पडू नये म्हणून लिंबू लावा, एवढं करून पोरगं डबा तसाच परत आणतं. ज्यूसचा डबा मात्र रिकामा येतो.

आणि ताजा रस ताजा रस म्हणताय, गाड्यावरचा बघितलाय का? बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून रिक्षात येते, रस्त्याकडेला आपटून फोडतात, तोच बर्फ पेल्यात. मिक्सरचं भांडं दिवसभर एकाच बादलीत बुचकळतात. त्यापेक्षा बंद खोका बरा की. निदान जंतू तरी नाहीत.

पानसुपारी
बर्फ फोडायला पायातलं पायताण वापरलेलं पण पाहिलंय. नाव सांगत नाही, मी अजून तिथेच पितो.

ताटवाटी
शिफ्टवाले दादा, जंतूंचा मुद्दा शंभर टक्के मान्य. खोक्यातला रस कडक तापवून, मग निर्जंतुक खोक्यात भरलेला असतो. कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असल्याने उजेड-हवा आत जात नाही, म्हणून फ्रीजबाहेरही महिनोन्महिने टिकतो. गरोदर बाईने गाड्यावरचा रस पिण्यापेक्षा हा पिलेला चालेल. एकदा उघडला की मात्र फ्रीजमध्ये ठेवून खोक्यावर लिहिलेल्या दिवसांत संपवायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात अर्धा खोका ओट्यावरच पडून असतो.

पण जंतू नाहीत आणि पौष्टिक आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्यात केळं द्या. धुवायचं नाही, चिरायचं नाही, काळं पडलं तर सालच पडतं.

शिफ्टवाला
केळं दप्तरात चेपतंय ओ. कन्नडच्या पुस्तकाला लागलं तर बाई आम्हाला बोलावतात.

खवय्या_खानापूर
तुम्ही शहरवाले खोके वाचत बसा. आमच्या जांबोटी भागात एप्रिल-मे मध्ये रस्त्याकडेला बाया पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात, मागून जांभळं, फणस. पोरांची तोंडं जांभळी व्हायची, दात आंबायचे, कुणाला ज्यूसची आठवण पण यायची नाही. आता त्याच गावात पानपट्टीवर दहा रुपयाच्या बाटल्यांच्या माळा लटकतात आणि करवंदं पिकून झुडपाखाली गळतात. आजीने द्रोण पुढे केला तर नातू म्हणतो "धूळ आहे त्याला".

बाकी आमच्याकडे पाहुण्याला अजून कोकम सरबतच. चोर्ला घाट उतरून गोव्याला कोण गेलं की आगळाची, म्हणजे कोकमाच्या दाट रसाची, बाटली सांगून ठेवायची.

निपाणीकर
कोकम सरबतात पण साखर घालता ना खवय्या? की तिथे साखर जंगलातली म्हणून चालते? 😀

खवय्या_खानापूर
आगळ बिनसाखरेचं असतं साहेब. साखर किती घालायची ते आपल्या हातात. आमची आई मीठ-जिरं घालून द्यायची. पोरं तोंडं वाकडी करायची, पण प्यायची.

निपाणीकर
बरं, ते मान्य. आता खोक्यावरच्या '१०० टक्के'बद्दल. बहुतेक कंपन्या रस काढून थेट भरत नाहीत. फळं निघतात तेव्हा रस काढतात, त्यातलं पाणी उडवून काकवीसारखा दाट करतात, पिंपं साठवतात, आणि वर्षभर त्यात पाणी परत घालून खोके भरतात. याला 'रिकॉन्स्टिट्यूटेड' म्हणतात. फसवणूक नव्हे, जगभर हेच चालतं. पण अशा रसावर '१०० टक्के फळांचा रस' लिहू नका, लेबलवरून आणि जाहिरातीतून काढा, असं एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, जून २०२४ मध्ये सगळ्या कंपन्यांना कळवलं. घटकांच्या यादीत रसाच्या नावाजवळच 'रिकॉन्स्टिट्यूटेड' लिहायला हवं, आणि किलोला १५ ग्रॅमच्या वर साखर घातली असेल तर 'स्वीटन्ड ज्यूस' लिहायला हवं. हे शब्द शोधा, मिळतील.

घटकांची यादीही वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे जास्त ते आधी. वडगावच्या ताईंच्या खोक्यात पाणी पहिलं, याचा अर्थ तुम्ही सगळ्यात जास्त पैसे कशाचे देता ते बघा.

आयएनएस ३३० ला मात्र उगाच भिऊ नका, ते सायट्रिक ॲसिड, लिंबातलंच. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. २११ आणि २०२ दिसले तर ते टिकवण्यासाठी घातलेले.

ऊसवाला
रायबागहून. ज्याला त्याला साखरच दिसतीय का? जिल्ह्यात एवढे कारखाने, आमचा सगळा तालुका त्याच्यावर जगतोय. साखर खाऊ नका म्हणताय तर आम्ही काय पेरायचं? आणि दुकानातलं सोडा, उसाचा रस प्या. समोर चरकातून निघतोय, लिंबू-आलं घालून. पाणी नाही, पावडर नाही.

ताटवाटी
ऊसवाले अण्णा, रागावू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेनेच २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत सांगितलंय की १०० मिली उसाच्या रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते, तो बेताने घ्या. म्हणजे वडगावच्या खोक्यापेक्षा थोडी जास्तच. रस ताजा आहे हे खरं, साखर कमी आहे हे नाही.

ऊसवाला
मग उन्हाचं शेतावर काय प्यायचं, तुमचे आकडे?

आक्का
ताक प्या की अण्णा. नाचण्याची आंबील प्या. मी तर सांगतो, उन्हात ताकासारखं काही न्हाई. घरचं नसलं तर नंदिनीची मसाला ताकाची पिशवी मिळतीय गल्लोगल्ली.

सिस्टरबाई
मी हुक्केरी तालुक्यात सरकारी दवाखान्यात नर्स. इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, आणि हे साखरेच्या वादापेक्षा महत्त्वाचं आहे.

जुलाब लागलेल्या मुलाला घेऊन आई येते. मूल गळालेलं, डोळे खोल गेलेले. काय दिलं विचारलं तर पर्समधून फळाच्या चवीचा खोका काढते. "दुकानदार म्हणाला ओआरएसच आहे." चव गोड, मूल आवडीने पितं, म्हणून तिला बरं वाटतं. पण एवढी साखर आतड्यात गेली की ती पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. खऱ्या ओआरएसमध्ये साखर आणि मीठ मोजून असतं. लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. वर जो खोका आलाय त्यात लिटरला साखर १२६ ग्रॅम, बघा हिशेब करून.

एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये असल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला बंदी घातली. पण ज्या दुकानदाराने वर्षानुवर्षं तेच नाव घेऊन खोका विकला, तो आजही त्याच नावाने देतो. ओआरएसची पुडी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आशाताईकडे असते. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धी अर्धी करून नाही. उरलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं.

गणपत गल्ली किराणा
सिस्टर, हे आमच्या पोराला उद्या सांगतो. तो पण गिऱ्हाइकाला तसाच देतो.

वडगावची
बापरे. सिस्टरबाई, धन्यवाद. धाकट्याला मागच्या पावसाळ्यात आम्हीही तेच पाजलं होतं, शेजारच्यांनी आणून दिलेलं.

ताटवाटी ताई, मामंजींनी तुमचं सगळं वाचलं. चष्मा लावून, दोनदा. आता त्यांचा प्रश्न: "घरी मिक्सरवर काढला तर?" आणि सासूबाईंनी पूर्ण बंद करायचा का?

ताटवाटी
घरी काढलेल्यात वरून साखर नसेल, एवढाच फायदा. गाळणीतून गाळलात तर चोथा गेलाच. द्राक्षाचा रस घरचा असला तरी १०० मिलीला १४-१५ ग्रॅम साखर असते, कोलात साडेदहा-अकरा असते. अथणीकडची गोड द्राक्षं येतील तेव्हा घड धुवून ताटलीत ठेवा, खातील तेवढी खातील.

सासूबाईंनी फळ खावं, रस नको. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या पावणेदोन लाखांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापून आला होता. अख्खी फळं, त्यातही द्राक्षं, सफरचंद वगैरे जास्त खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला, आणि रस जास्त पिणाऱ्यांत जास्त. पेरू तर आपल्याकडे गल्लीत येतो, १०० ग्रॅमला क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या आसपास. फोडी करून, हवं तर तिखट-मीठ लावून द्या.

मास्तर
संकेश्वरहून. निवृत्त शिक्षक, इन्सुलिन घेतो. रसाची इतकी निंदा झाली म्हणून त्याची बाजूही मांडतो. माझ्या पिशवीत ज्यूसचा छोटा डबा कायम असतो. शुगर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हात कापायला लागले, की तेव्हा पोळी-भाजी कामाची नाही. साखर झटक्यात रक्तात जायला हवी. तुम्ही वर जो दोष सांगितलात तोच इथे उपयोगी पडतो. १५ ग्रॅम साखर, म्हणजे सव्वाशे-दीडशे मिली ज्यूस, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. मग नीट जेवायचं. डब्यावर 'नो ॲडेड शुगर' असेल तरी चालतो, फळाची साखर असते. पण गोड गोळी घातलेलं डाएट पेय असेल तर उपयोग शून्य.

सासूबाईंची गोळी कोणती ते डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी शुगर उतरू शकते. तशी असेल तर घरात एक छोटा डबा असू द्या, पण तो औषधाच्या कपाटात.

शिफ्टवाला
मास्तर, हे पटलं.

पानसुपारी
आमच्या बाबांना सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी दुधीच्या रसाचं वेड लावलंय. रोज रिकाम्या पोटी पेलाभर. त्यावर काय मत? ज्यूसचा धागा आहे म्हणून विचारतो.

ताटवाटी
पिण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघायला सांगा. जरा जरी कडू लागला तर अख्खा दुधी टाकायचा. त्यातल्या कुकुर्बिटासिन नावाच्या कडू विषाने माणसं दगावली आहेत, २०११ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीने यावर सूचना काढल्या होत्या. "कडू म्हणजे औषधी" म्हणून डोळे मिटून पिणारेच यात सापडतात. प्यायल्यावर उलटी, पोटदुखी सुरू झाली तर लगेच दवाखाना.

पानसुपारी
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग आजपासून भाजी." आई खूश नाही, चिरायचं काम वाढलं.

सरकारी_शाळा
चिकोडी भागात मराठी शाळेवर शिक्षक आहे. आमच्या पोरांना शाळेत दूध मिळतं, आणि अंडं. अंडं न खाणाऱ्याला केळं. वाटपाच्या दिवशी अंडं खाणारी पोरंसुद्धा "गुरुजी, आज मी केळंवाला" म्हणून रांग बदलतात. तिकडे फी भरून शिकणारी पोरं ज्यूसचे डबे चोखतात, आणि पालकांना वाटतं आपलं पोर पुढे. शिफ्टवाले, केळं स्टीलच्या डब्यात उभं बसत नाही, आडवं घाला, वेलची केळं घ्या, दोन बसतात.

शिफ्टवाला
वेलची केळं बघतो. दर जरा जास्त आहे त्याचा.

वडगावची
घरी बैठक झाली. मामंजींनी वहीत मांडणी केली: आठवड्याला एक खोका, लिटरला १२६ ग्रॅम, म्हणजे महिन्याला अर्धा किलोवर साखर नुसत्या ज्यूसमधून, आणि पिणारी मुख्यतः दोन मुलं. मग स्वतःच म्हणाले की त्या पैशात रविवार पेठेतून फळं येतील, फक्त निवड ते करणार, आम्ही पेरू चुकीचे आणतो. धाकट्याचं ज्यूस बंद. मुलीला वाढदिवसाला, लग्नकार्यात मिळाला तर मिळाला. शाळेला पत्र लिहायचं ते लिहितायत, इंग्रजीत, तीन पानी झालंय, कमी करायला सांगितलंय. सासूबाईंची गोळी डॉक्टरांना विचारून एक छोटा डबा कपाटात ठेवणार.

पाहुण्यांनी आणलेल्या खोक्यांचं काय करायचं, ते ठरलं नाही.

आक्का
दुसऱ्या पेशंटला न्यायचे!

गणपत गल्ली किराणा
तारीख बघून न्या म्हणजे झालं. परवा एक बाई आमच्याकडनं नेलेला खोका चार घरं फिरून आमच्याचकडं बदलून मागायला आली. तळाला आमच्या पेनाचा आकडा होता.

खवय्या_खानापूर
वडगावच्या ताई, आगळ पाहिजे तर सांगा, पुढच्या आठवड्यात भाऊ गोव्याहून येतोय. बाटली रिकामी धुवून द्यायची.

वडगावची
दोन सांगा. मामंजी विचारतायत, मीठ वेगळं घालायचं की त्यात असतं?

खवय्या_खानापूर
आगळात असतंच. चाखून मग घाला.